चिखलातला पाय

ताईंच्या घरात मला सगळं मिळालं. दोन्ही वेळा गरम जेवण, अंगावर धड कपडे, निजायला मावशीशेजारी कोरडी जागा, ताप आला तर ताईंच्या हातचा काढा. बोलणी तेवढी मिळाली नाहीत. आणि उभ्या जन्मात मला खरा हेवा वाटला तो रोज बोलणी खाणाऱ्या एका मुलीचा. हेवा हा शब्द मी जरा सभ्य म्हणून लिहितेय. तेव्हा पोटात जे व्हायचं त्याला आमच्याकडं जळणं म्हणतात.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. ती लोणावळ्याला ताईंच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती. तिचे गुडघे धरले, खाली बसलं की उठवेना, म्हणून हाताखाली मला नेलं. माझी सातवी झाली होती. पुढची शाळा लांब, माझ्या पाठची तीन भावंडं लहान, त्यामुळं शाळेचा विषय घरात कुणी काढला नाही आणि मीही काढला नाही. तेव्हा आमच्या नवलाख उंबऱ्याला कारखाने नव्हते, भाताची खाचरं होती. आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत आम्ही सगळी पोरं गुडघाभर चिखलात. त्या चिखलातून निघून मी एसटीनं तळेगावला आले आणि तिथून गाडीनं लोणावळ्याला. सगळं मिळून अर्धा दिवस. आज माझी मुलगी मला विमानात घालून कॅनडाला घेऊन आलीय, मधे दोन विमानतळ झाले, तरी लांब म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तेच तळेगाव ते लोणावळा येतं. गाडीत मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते, आणि मावशी सांगत होती, "तितं कुटं बी हात लावायचा न्हाई. कायबी मागायचं न्हाई. दिलं तर खायचं, न्हाई दिलं तर माझ्याकडं यायचं." ते मी इतकं मनावर घेतलं की पहिले चार दिवस पाणीसुद्धा मावशीकडूनच मागून प्यायले.

ताई एकट्या राहायच्या. पुण्यात पुष्कळ वर्षं कथक शिकून आलेल्या, केस पिकलेले, आवाज बारीक पण धारदार. बंगल्यात एक मोठा हॉल होता, शहाबादी फरशीचा, आणि त्याला लागून स्वयंपाकघर. त्या घराचा दिवस मला अजून आवाजांनीच आठवतो. पहाटे घाटाला लागणाऱ्या इंजिनाची शिट्टी, मग मावशीचा स्टोव्ह, मग ताईंची कॉफी ढवळायचा चमचा. दुपारी तांदूळ निवडताना मावशीची कुरकुर, कारण गावाकडून येणाऱ्या आंबेमोहराला जो वास तो वाण्याच्या तांदळाला नाही. आणि चार वाजले की मुली यायच्या, सहाजणी, आणि भिंतीपलीकडं घुंगरांचा सडा पडायचा. ताई पेटीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहायच्या, तोंडानं मात्रा मोजायच्या. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. मी भांडी घासताना ताटल्या त्याच मापात आपटायला लागले. मावशी म्हणाली, "पोचा आला तर तुझ्या डोक्याला आणीन."

मला नाच येत होता, असं मला वाटायचं. गौरीच्या फेरात, फुगडीत, गावात मला कुणी हरवलं नव्हतं. एकदा बघितलं की अंगात यायचं. एके दिवशी हॉल पुसून झाला, कुणी नाही असं बघून मी मुलींचा एक तुकडा, म्हणजे त्यांच्या नाचातला एक बांधलेला भाग, सबंध करून टाकला, शेवटच्या तीन चकरांसकट. वळून बघते तर दारात ताई. माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. आता पिशवी भरायची, असंच मनात आलं. ताई म्हणाल्या, "अगं, छान करतेस की. चारला मुली आल्या की मागे उभी राहत जा."

हे उपकार मी विसरले नाही, विसरणार नाही. गावी कळवलं मात्र नाही. वडलांनी पोरीला कामाला पाठवलं होतं, नाचायला नव्हे, आणि नवलाख उंबऱ्याच्या आमच्या आळीत नाच या शब्दाला काय अर्थ होता ते मला ठाऊक होतं. मावशीही गप्प राहिली. ती एवढंच म्हणाली, "भांडी ऱ्हायली तर बगून घीन." म्हणून मी तीनलाच भांडी उरकायची, हॉल पुसायची, हात परकराला पुसत मागच्या ओळीत उभी राहायची. दीड वर्ष. आणि दीड वर्षात ताई मला एकच शब्द म्हणाल्या, "छान."

आता नीलिमाबद्दल. नीलिमा माझ्याच वयाची, बाजारातल्या एका चिक्कीवाल्याची मुलगी. थोराड, सपाट पायांची, चालताना दाराची चौकट खांद्याला लागायची. तिच्या फ्रॉकला कायम भाजलेल्या दाण्यांचा वास. येताना ती कागदात चिक्कीचा चुरा आणायची आणि जाताना उरलेला माझ्या हातावर ठेवायची. नाच तिच्या अंगात नव्हता. तरी ताईंचा निम्मा तास तिच्यावर जायचा. "नीलिमा, गुडघा. नीलिमा, खांदा खाली, खांद्यावर घागर आहे का तुझ्या? नीलिमा, हनुवटी. पुन्हा. नाही, पुन्हा." बाकीच्या मुली तोंडावर हात धरून हसायच्या. मीही हसायची. मागच्या ओळीतून मला वाटायचं, एवढं साधं हिला येत नाही, आणि मला बघा, एक शब्द बोलायची पाळी आणत नाही मी ताईंवर.

हे कधी उलटलं ते मला नेमकं सांगता येतं. एका दुपारी ताई पेटी सोडून उठल्या आणि नीलिमापुढं फरशीवर चक्क मांडी घालून बसल्या. पांढऱ्या साडीनं, त्या गार फरशीवर. नीलिमाची टाच त्यांनी हातात घेतली, उचलली, ठेवली. पुन्हा उचलली, ठेवली. "सगळा तळवा एकदम. ऐकलास का आवाज? हा तुझा आवाज. आता माझ्या हाताशिवाय." नीलिमा रडवेली झाली होती. मी मागं उभी होते. माझ्या टाचेला आईखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. त्या दिवशी ताई मला "छान" म्हणाल्या तेव्हा तो शब्द मला पहिल्यांदा शिळ्या भाकरीचा तुकडा वाढावा तसा लागला.

मग मी बघायला लागले, आणि जळणारं माणूस फार बारीक बघतं. नीलिमाचा खांदा उतरला होता. तिचे गुडघे सरळ राहायला लागले होते. तत्कार, म्हणजे नुसत्या पावलांनी वाजवायचे बोल, करताना तिच्या पावलाचा आवाज पाट्यावर वरवंटा टेकल्यासारखा भरीव यायला लागला, आणि माझा ताटल्यांसारखाच राहिला. पावसाळी दमटपणात त्या फरशीवर पायांचे ठसे उठायचे आणि ते पुसायचं काम माझं. नीलिमाचे ठसे दोन फरश्यांच्या आत, एकावर एक. माझे खिडकीपासून दारापर्यंत पसरलेले. आधी मला त्याचा अभिमान होता, मी सगळा हॉल नाचते म्हणून. आता तिच्या त्या दोन फरश्या मी जास्त जोरानं पुसायला लागले.

एक दिवस मी ठरवून चुकले. नीलिमाचा खांदा अजून अधूनमधून चढायचा, तसाच मी माझा चढवला, पार कानापर्यंत. ताईंची नजर ओळीवरून फिरत आली. "नीलिमा, खांदा." मग माझ्यावर आली. थांबली. आणि त्या म्हणाल्या, "छान, छान चाललंय." मग मी समच सोडून दिली. सगळ्या थांबल्या आणि मी एकटी नंतर धप्पकन येऊन पडले. मुली हसल्या. ताईही हसल्या, प्रेमानं हसल्या, म्हणून जास्त लागलं.

मावशीजवळ बोलले. ती नाचणीच्या भाकऱ्या थापत होती.

"ताई मला कायच बोलत न्हाईत."

"मग बरंच हाय की."

"नीलिमाला बोलत्यात."

"ती चुकती म्हनून बोलत्यात. तू चुकत न्हाईस."

"चुकते मी. मुद्दाम चुकून बगितलं."

मावशीचा हात थांबला. "आगं, सटवीनं तुज्या कपाळावर काय शेण लिवलंय का? लोकं बोलणी बसू नयेत म्हनून देव पाण्यात ठिवत्यात. हितं राहायचं हाय का न्हाई तुला?"

राहायचं तर होतं. तीच भीती कायम होती. मी काही मागितलं आणि त्यांना ते जड झालं तर? त्या दिवसांत मी जेवताना दुसऱ्यांदा भात घेणं सोडून दिलं होतं.

त्याच आठवड्यात नीलिमा मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ, मला येऊन चिकटली. डोळे लाल. चुऱ्याची पुडी तशीच मुठीत.

"तुझी मजा आहे बाई," ती म्हणाली. "तुला रोज छान. मला दोन वर्षांत एकदा नाही म्हणाल्या. मला वाटतं मी घरी सांगावं, नाही जायचं म्हणून."

"मग सांग की."

"नाही गं. एकदा म्हणू देत, मग सोडते." मग हळूच, "तुझा पाय कसा पडतो ते दाखव ना. तुझा बघून मला वाटतं, हा खरा नाच."

इथं मी खरं लिहिणार आहे, इतक्या वर्षांनी खोटं कुणासाठी लिहू. ताई तिला घडवत होत्या तो पाय मला ठाऊक होता. मला तो मोडायचा होता. आणि त्याच वेळी मला मनापासून असंही वाटत होतं की माझाच पाय चांगला, ताईंच्या तोंडून रोज शाबासकी घेतलेला, आणि मी तिच्यावर उपकारच करतेय. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. मी तिला म्हणाले, "तू पाय उचलतच नाहीस. उचल चांगला. टाच आधी सोडव, गुडघा वर घे, कंबर जरा इकडं जाऊ दे. मग टाक." आठ दिवस, मुली गेल्यावर, ती दगडाजवळ माझा पाय शिकली. नीलिमाला काही यायला वेळ लागतो पण एकदा आलं की जात नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नवव्या दिवशी तत्कार सुरू झाला आणि चार आवर्तनांत पेटी थांबली.

"नीलिमा, पुन्हा कर."

तिनं केलं. तिच्या चेहऱ्यावर आशा होती. मला बघवेना.

ताई थोडा वेळ तिच्या पावलांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "तू भात लावायला कधी गेली होतीस?"

मुली खिदळल्या. नीलिमाला वाटलं चेष्टा चाललीय. "नाही ताई. आमचं शेत नाही."

"मग हा चिखलातला पाय तुझ्याकडे कुठून आला? टाच आधी उपसायची, कंबर दुसऱ्या बाजूला टाकायची, आणि टेकताना बोटांनी आधी तळ चाचपायचा. हा शेतातला पाय आहे. तिथे तसाच हवा, नाहीतर माणूस रुतून बसेल." त्या बोलत होत्या आणि माझ्या तळपायांना खाचरातला गार गाळ लागल्यासारखा झाला. आईच्या मागोमाग, वाकून, उलट्या पावलांनी मी पहिल्यांदा रोपं टोचत गेले तेव्हापासून माझा पाय असाच उचलला जात होता. मला ते माहीत नव्हतं. ताईंना माहीत होतं. "हा पाय या हॉलमध्ये एकीचाच आहे," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं.

"मीच बघून बघून केलं ताई," नीलिमा म्हणाली. "तिनं नाही सांगितलं."

ती मला वाचवत होती. एरवी तिच्या त्या बोलण्यानं मी शरमेनं मेले असते. पण त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरंच फिरत होतं, आणि ज्या तोंडानं मी दीड वर्षात ताईंकडं काही मागितलं नव्हतं, ते तोंड आपोआप उघडलं.

"म्हंजे तुमाला ठावं होतं."

"काय गं?"

"माजा पाय चुकतोय ते. दीड वरीस ठावं होतं."

स्वयंपाकघराच्या दारात मावशी आली होती, हाताला पीठ. "आगं गप," ती म्हणाली. "ताई, तिच्या ध्येनात न्हाई राहत, तुमी..."

ताईंनी हात वर केला. मुलींना म्हणाल्या, "आज इथेच थांबू." मुली घुंगरू सोडायला बसल्या. मुकाट्यानं एवढे घुंगरू सोडलेले मी पुन्हा ऐकले नाहीत. नीलिमा जाताना चुऱ्याची पुडी खिडकीत ठेवून गेली.

आम्ही दोघीच उरलो तेव्हा ताई पेटीचा भाता लावत होत्या, पण तो काही लागेना. "तू घरातलं सगळं करून उभी राहतेस," त्या म्हणाल्या. "दमलेली असतेस. मला वाटलं, तुला आनंद मिळतो तेवढा मिळू द्यावा. दोन वर्षांत लग्न होऊन जाशील. उगाच कशाला तुला तासायचं?"

"नीलिमाचं लगीन व्हायचं न्हाई का?"

हे मी त्यांना तोडून बोलायला म्हणाले नव्हते. मला खरंच विचारायचं होतं. बाहेर घाटाचं इंजिन लागल्याचा धक्का ऐकू आला, मग डब्यांचे एकामागून एक.

"मला बी बोला, ताई," मी म्हणाले. "रोज छान नका म्हनू. बोला मला."

त्यांनी पेटीचा भाता लावला. "उद्या मुलींच्या आधी ये. तीनला. आणि तीनची भांडी आता कोण घासणार ते मी मावशींना सांगते."

त्या रात्रीचं काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तीनला ताईंनी खडूनं दोन फरश्यांभोवती रेघ ओढली आणि त्यात मला उभी केली. माझ्यापुढं मांडी घालून बसल्या. माझी टाच धरली. त्यांचा हात थंड होता आणि बोटांना पेटीच्या पट्ट्यांचे घट्टे होते.

"उचलू नकोस. खाली चिखल नाही, फरशी आहे. तुला कुणी धरून ठेवलेलं नाही. पुन्हा. कंबर का हलली? पुन्हा. हा पाय पडला का ठेवला? आवाजासाठी नाचतेस, ताटल्या वाजवल्यासारखी. पुन्हा. रेघ ओलांडलीस. दीड वर्ष नुसती हुंदडलीस या हॉलमध्ये. पुन्हा."

पुढं कित्येक महिने मी फक्त तत्कार केला. तुकडा नाही, चक्कर नाही. आधी जे येत होतं तेही गेलं. गौरीला गावी गेले तेव्हा फेरात माझं पाऊल अडखळलं आणि बायका म्हणाल्या, लोणावळ्याला जाऊन पोरगी बिघडली. मी मोठी नर्तकी वगैरे झाले नाही. लोणावळ्यातच दिली मला, आणि ताई होत्या तोवर त्यांच्याकडं येणाऱ्या नव्या मुलींचा तत्कार मीच घ्यायची. आमच्या गावांकडच्या मुलींचा पाय मला दारातून आत येतानाच ओळखू यायचा. इथं कॅनडात खालच्या मजल्यावरच्या बाईंना त्रास नको म्हणून मी घरात पाय वाजवत नाही. पण रस्त्यावर बर्फ असतो, मुलगी माझा दंड धरून चालते, घाबरते, आणि दोनदा तीच घसरून पडलीय. मी नाही पडले. सगळा तळवा एकदम, कंबर हलवायची नाही, वजन एका पायावरून दुसऱ्यावर पोचल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. ताईंची बोलणी मनात म्हणत मी दुकानापर्यंत जाते आणि येते.

पण मला तो पहिला दिवस सांगायचा होता. चारला मुली आल्या, तरी ताई माझ्यापुढून उठल्या नाहीत. "तुम्ही सुरू करा," म्हणाल्या, आणि पुन्हा माझ्या टाचेशी. नीलिमानं सुरू केलं, तिच्या जुन्या पायानं. आठ दिवसांचा माझा पाय तिनं एका रात्रीत काढून टाकला होता, किंवा तो तिच्या अंगाला लागलाच नव्हता. तास संपता संपता ताईंनी मान वर केली, तिच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "नीलिमा, छान." आणि परत खाली वाकल्या. दोन वर्षं वाट बघितलेला शब्द होता तो. मी नीलिमाकडं बघितलं. ती हसली नाही. माझ्या टाचेवरच्या ताईंच्या हाताकडं बघत राहिली, आणि ती नजर मी लगेच ओळखली, कारण दीड वर्ष ती माझी होती.

मी स्वयंपाकघरात आले तेव्हा तळपाय लाल झाले होते आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. भांडी घासून पालथी घातलेली. मावशी भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यांना तेल लावत.

"बोलल्या का?"

"व्हय."

"लय बोलल्या?"

"लय बोलल्या."

मावशीनं तेलाची वाटी माझ्याकडं सरकवली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"मंग दात कशापायी काढतीस?"